काका सरळ होईनात

घराण्याचा एकत्र फोटो छापायचा मान मी स्वतःहून ओढवून घेतला. घरी 24 इंची प्रिंटर आहे, आणि ज्याच्या घरी प्रिंटर असतो त्याच्या अंगी आगाऊपणा असतोच. 3 फूट लांब फोटो, 31 माणसं. डाव्या टोकाला काका, उजव्या टोकाला आत्या. त्या दोघांचं बोलणं बंद असल्यामुळे मधलं अंतर मी मुद्दामच राखलं होतं. "मला अगदी कडेला लोटलंस," हे काकांनी त्याच दिवशी ऐकवलं.

100 फुटी रोलचे शेवटचे चारेक फूट उरले होते. एवढ्यासाठी नवा रोल फोडायला जीव होईना, आणि तिथेच माशी शिंकली. रोलच्या बाहेरच्या अंगाचा कागद ऐसपैस असतो. आतला मात्र 2 इंची पुठ्ठ्याच्या नळीला महिनोन्‌महिने कवटाळून बसलेला. माझ्या 3 फुटांनी त्या नळीला जवळजवळ पाच वेढे घातले होते. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, म्हणतात. म्हणीत निदान नळी हा उपाय आहे; इथे नळीच रोगाचं मूळ!

प्रिंट कापला गेला आणि सुर्रकन गुंडाळून जमिनीवर लोळला. माझ्या रोलला छापायची बाजू बाहेर, त्यामुळे फोटो सुलटा ठेवला की कडा खाली वळून आत शिरायच्या. आजी-आजोबा कमानीवर विराजमान, काका थेट तळघरात.

शाई वाळायला एक दिवस दिला. मग वर कोरा कागद अंथरून घरातली जाडजूड पुस्तकं रचली. शब्दकोशाचा आमच्याकडे झालेला हा पहिला उपयोग. दोन दिवसांनी पुस्तकं उचलली. कागद निपचित. मी श्वास रोखून. मग मधला भाग अगदी सावकाश, झोपेतून उठल्यासारखा फुगत वर आला आणि काका पुन्हा खाली सरकले.

"इस्त्री फिरव की," बायको म्हणाली.

या कागदाच्या दोन्ही अंगांना पॉलिथिनचा थर असतो, इस्त्री टेकवली तर काका इस्त्रीलाच चिकटून येतील, असं मी समजावलं. "बरं," ती म्हणाली. असलं 'बरं' पुढे कधीतरी व्याजासकट वसूल होतं.

उरला तो जाणकारांचा उपाय: उलटी गुंडाळी. जाड नळी घ्यायची, फोटोवर स्वच्छ कागद ठेवायचा, छापलेली बाजू आत घेऊन गुंडाळायचं, अर्धा मिनिट धरायचं, उलगडून बघायचं. भागलं नाही तर पुन्हा. सगळी मेख त्या अर्ध्या मिनिटात आहे. मी गुंडाळलं, नळी काखेत मारली, आणि फोन वाजला. काकाच. "झाला का रे फोटो?" इथपासून त्यांच्या गुडघ्यापर्यंत विषय पोचेतो 40 मिनिटं गेली. नळी काखेतच.

उलगडलं, तर फोटोची होडी! दोन्ही टोकं वर उठून एकमेकांकडे झुकलेली, आणि इतक्या वर्षांनी काका आणि आत्या समोरासमोर, नाकाला नाक लावून. क्षणभर वाटलं, असाच राहू द्यावा.

मग उलट्याची उलटी गुंडाळी, दहा सेकंद. पुन्हा सुलटी, पाच. असं चेंडू टोलवल्यासारखं करता करता तिसऱ्या खेपेला कागद टेबलावर पडला तो पडूनच राहिला. त्या आनंदात मी तो एका हाताने उचलला आणि अंगठा जरा जास्त दाबला गेला. टक्‌! नखाएवढी चंद्रकोर उमटली. कुठे? काकांच्या पोटावर. चंद्रकोर कुठल्याच गुंडाळीने जात नाही.

फ्रेम झाली, भिंतीवर चढली. काका बघायला आले. चष्मा वर केला, खाली केला, फोटोला नाक लावून बराच वेळ उभे राहिले.

"त्या दिवशी माझ्या सदऱ्याला इस्त्री नव्हती का रे?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं.