आधी वर्गातला कचऱ्याचा डबा पालथा करा

'टाकाऊपासून टिकाऊ वस्तू बनवून आणणे' असा निरोप शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला की त्या संध्याकाळी आमच्या भांडुपच्या स्टेशनरीच्या दुकानांत आयांची झुंबड उडते. आइस्क्रीमच्या काड्यांचं कोरं पाकीट, फोम शीट, ग्लिटर, ग्लू गनच्या कांड्या, सगळं विकत. रात्री उशिरापर्यंत आईबाबा ती वस्तू बनवतात, सकाळी मूल ती रिक्षात मांडीवर जपून नेतं. आठवडाभर प्रदर्शन होतं, फोटो निघतात आणि मग ती वस्तू कचऱ्यात जाते. पुठ्ठ्यावर फोम, फोमवर ग्लिटर, सगळं डिंकानं एकजीव झालेलं. नुसता पुठ्ठा असता तर भंगारवाल्यानं घेतला असता. आता तोही घेत नाही.

मी बरीच वर्षं प्राथमिकच्या मुलांना परिसर अभ्यास शिकवला आहे, त्यामुळे हे बघून जीव तुटतो. माझं म्हणणं सरळ आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना कचरा कमी करायला शिकवायचं असेल तर त्यांच्याकडून नव्या वस्तू बनवून घेणं बंद करा आणि त्यांच्याच शाळेचा कचरा त्यांच्यासमोर ठेवा.

पुस्तकात काही कमी नाही. शाळेत पर्यावरण शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच सांगितलं. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनीही कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं. ओला हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात, हे मुंबईतलं पहिलीतलं मूलसुद्धा घडाघडा म्हणून दाखवतं. परीक्षेत गुणही मिळतात. आणि त्याच वर्गाच्या कोपऱ्यात एकच डबा असतो, ज्यात सगळं जातं.

एकदा मधल्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गात तो डबा जुन्या वर्तमानपत्रांवर पालथा केला. हातमोजे आणले होते, लाकडी पट्ट्या होत्या. मुलं आधी 'शी' करून मागे सरकली, मग वाकून बघायला लागली. तेलकट टिश्यूत गुंडाळलेली अर्धी पोळी. अशा पोळ्या बऱ्याच होत्या. फॉइलचे बोळे, न सोललेलं काळं पडलेलं केळं, वेफर्सची पाकिटं, पेन्सिलीची सालं, ज्यूसचे खोके. आणि वहीची फाडलेली पानं, ज्यांवर दोन-तीनच ओळी होत्या. अक्षर बिघडलं म्हणून पान फाडायचं, ही सवय आम्हीच लावलेली. 'स्वच्छ लिहून आण' असं बाई सांगतात, मग मूल दुसरं काय करणार?

वर्गात एक मुलगी होती, तिच्या घरी भंगाराचा धंदा. एरवी ती फारसं बोलायची नाही. त्या दिवशी ती पुढे येऊन बसली आणि भराभर ढीग लावायला लागली, 'हे जातं, हे जातं, हे कोणी घेत नाही.' वेफर्सचं पाकीट तिनं मुठीत घट्ट चुरगाळलं आणि मूठ उघडली. पाकीट हळूहळू परत पसरलं. 'बाई, याला आत चांदी असते. ती वेगळी निघत नाही, म्हणून याला भाव नाही.' पुढे म्हणाली, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, जरासा चिकटलेला ठेवा. पिशवी धुऊन विकली जाते, पण तो कापलेला तुकडा कोणाच्या हाताला लागत नाही, गटारात जातो. एवढं नेमकं मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही. त्या दिवसापासून वर्गात तिला वेगळा मान मिळाला, याचा आनंद मला आजही आहे.

नंतर मुलांनी डब्याची एक वही केली. कशाचं किती वजन, त्यात नोंदवायचं. सर्वात जड काय निघालं? वेफर्स नव्हे, प्लास्टिक नव्हे. उष्टं अन्न. मग मुलांनीच घरी जाऊन सांगितलं, आई, दोन नको, दीडच पोळी दे. कचरा कमी करणं म्हणजे हे. तो निर्माणच होऊ न देणं. ओला-सुका ही त्यानंतरची पायरी.

काही पालक चिडले. आमच्या मुलांना कचऱ्यात हात घालायला लावता? हातमोजे होते, साबणानं हात धुतले होते, हे सांगूनही राग गेला नाही, कारण मूळ दुखणं वेगळंच होतं. 'अभ्यास कर, नाहीतर कचरा उचलायला जाशील', हे वाक्य मी घराघरात, आणि दुःखानं सांगते, शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं आहे. मुलं हे ऐकत मोठी होतात. मग स्वच्छतेवर किती का निबंध लिहून घ्या, कचरा उचलणारा माणूस त्यांच्या लेखी हरलेला माणूसच राहतो. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री व्हायचं. आपण शाळांमधून नुसतं कीर्तन ठेवलं आहे.

म्हणून शाळेनं महापालिकेच्या चौकीवरच्या सफाई कामगारांना वर्गात बोलवावं. जयंतीला हार घालून परत पाठवायला नाही, शिकवायला. फुटलेली काच उघडी टाकली की हात कसा कापतो, ती कागदात गुंडाळून वर 'काच' असं का लिहायचं, हे त्यांनी सांगितलं की मुलं आयुष्यभर विसरत नाहीत. स्त्री मुक्ती संघटना 1998 पासून कचरावेचक बायकांसोबत काम करते. या बायकांना परिसर भगिनी म्हणतात. आमटी सांडलेल्या रद्दीचा भाव का जातो, हे त्यांच्याइतकं चांगलं कोण सांगेल?

मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. 'बाई, आम्ही वेगळा करतो, पण गाडीत सगळं एकत्रच टाकतात. मग कशाला?' हा प्रश्न टाळू नका. बऱ्याच ठिकाणी तसं होतं, हे मुलांना सांगावं. त्यांना नकाशा काढून दाखवावा. मुंबईचा रोजचा कचरा साडेसहा-सात हजार टनांच्या घरात. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली, तेव्हा धुरामुळे आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, म्हणजे आपल्या डब्यातल्या कचऱ्यानं गोवंडीतल्या मुलांची शाळा बुडवली. मुलुंडचं 2018 मध्ये बंद झालं. आता बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो आणि वारा फिरला की विक्रोळीच्या कन्नमवार नगरात खिडक्या लावून घ्याव्या लागतात. एवढं कळलं की मुलं स्वतःच म्हणतात, मग ओला कचरा गाडीत द्यायचाच कशाला?

तो खरंच द्यावा लागत नाही, त्याचं खत शाळेतच करता येतं. भोकं पाडलेला एक ड्रम, खाली सुकी पानं, मग फळांची सालं आणि भाजीची देठं, वर परत सुकी पानं. वास आला, पाणी सुटलं, की पानं वाढवायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदामाची, पिंपळाची पानं मैदानात ढिगानं पडतात. ती पोत्यात भरून ठेवली तर पावसाळ्यातही पुरतात, फक्त बदामाचं पान जाड, ते फाडून टाकावं. पोळी-भात बेतानंच घालावा, नाहीतर उंदीर येतात. चांगल्या भरलेल्या ड्रमवर हात धरला की ऊब लागते. आत कोणी चूल पेटवलेली नसताना ती ऊब कुठून आली, यावर चौथीचा अख्खा तास आनंदात जातो.

शाळेलाही स्वतःच्या सवयी बदलाव्या लागतील. पुस्तकांवर खाकी कव्हर आणि त्यावर पुन्हा प्लास्टिकचं, हा आग्रह सोडा. वाढदिवसाला वर्गभर प्लास्टिकच्या खेळण्यांची पाकिटं वाटणं बंद करा. जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून कच्च्या वह्या करा. आमच्या लहानपणी वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायचो, त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. 2023-24 मध्ये राज्य सरकारनं पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पानं घातली. हेतू दप्तर हलकं करण्याचा होता, पण लिहिलेलं पुस्तक पुढच्या मुलाला कसं द्यायचं? नंतर तो निर्णय मागे घेतला, ते बरं झालं. आता पुस्तकं पुढे द्यायची प्रथा शाळांनी पुन्हा सुरू करावी.

जूनमध्ये पहिली पालकसभा होते. तिथे उभं राहून मागा, की यंदा टाकाऊपासून टिकाऊचा प्रकल्प नको, त्याचे गुण डब्याच्या वहीला द्या. महिन्यातून एकदा डबा पालथा करायचा, वेगळं करायचं, वजन करायचं, लिहायचं. भाजीवाल्याकडे असतो तसा साधा हुकाचा काटा पुरतो, आणि तो पालकांनी मिळून घेऊन द्यायला काहीच हरकत नाही.