धूर सोडला की डास मेले म्हणे!

पेस्ट कंट्रोलवाला येतो, गटारावर भसाभसा धूर सोडतो, पावतीवर सही घेतो आणि सुटतो. अनगोळात आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात हेच. अहो, धुराने फक्त उडते डास मरतात! अळ्या पाण्यात मजेत; 8-10 दिवसांत नवी फौज हजर. त्यात डेंगीचा डास वाढतो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, चावतो दिवसा, आणि हे महाशय धूर सोडणार संध्याकाळी गटारावर! नळाला रोज पाणी नाही, म्हणून दारोदारी बॅरल भरलेले. झाकण? नाव नको. वाकून बघा, अळ्या वळवळताना दिसतात. ते दाखवलं तर म्हणतो, "ते पॅकेजमध्ये येत नाही, काका." मग काय येतं रे बाबा, खोकला?