ओकाझाकीचं नाव कुणीच का काढत नाही?

जपानी फुटबॉलपटू म्हटलं की आमच्या ग्रुपवर लगेच दोन नावं पडतात, होंडा आणि कागावा. होंडा एसी मिलानची 10 नंबरची जर्सी घालून खेळला, कागावानं मँचेस्टर युनायटेडसाठी नॉर्विचविरुद्ध हॅटट्रिक केली. दोघंही मोठेच. पण शिन्जी ओकाझाकीचं नाव मी काढल्याशिवाय निघत नाही, आणि हे मला फार खुपतं.

जपानकडून होंडाचे गोल 37, कागावाचे 31. ओकाझाकीचे 119 सामन्यांत 50! त्याच्या पुढे फक्त कामामोतो आणि काझू मिउरा. 2009 मध्ये ताश्कंदला उझबेकिस्तानविरुद्ध जपानची 2010 च्या वर्ल्डकपची जागा पक्की करणारा एकमेव गोलही त्याचाच.

आणि लेस्टर! या इंग्लिश क्लबचं 2015-16 चं प्रीमियर लीगचं ते विजेतेपद म्हटलं की वार्डीचे 24 गोल, माहरेझचा डावा पाय, कांतेची धावपळ सगळ्यांना पाठ. ओकाझाकीचे लीगमध्ये 5 गोल, म्हणून तो यादीतच नाही. अरे, पण तो काय करत होता ते बघा ना! समोरच्या सेंटर बॅककडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे, बॉल गेला की हा सुटलाच त्याच्या अंगावर. तेही सरळ नाही, जरा तिरका, म्हणजे मिडफिल्डकडे जाणारा पास बंद. गडबडून त्या सेंटर बॅकनं बॉल लांब उडवला की लेस्टरचे बचावपटू मॉर्गन नाहीतर हूथ तो डोक्यानं परतवायला उभेच, सुटलेला बॉल कांतेकडे, आणि तिथून वार्डी पळाला. हे तासभर करायचं आणि मग बदलीसाठी त्याच्या 20 नंबरची पाटी वर गेली की मुकाट्यानं बाहेर यायचं. बहुतेक सामन्यांत हेच.

14 मार्च 2016, न्यूकॅसलची मॅच. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला, घरचे झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून बघत होतो. पंचविसाव्या मिनिटाला वार्डीनं डोक्यानं बॉल आत टाकला आणि गोलकडे पाठ असलेल्या ओकाझाकीनं हवेत उलटं होऊन लाथ मारली. गोल! उशी तोंडावर दाबून ओरडलो होतो मी. मॅच 1-0 अशीच संपली. त्या महिन्यात लेस्टर असे एकेका गोलवरच जिंकत होतं, तेव्हा त्या एका लाथेची किंमत तुम्हीच करा.

माझं मत स्पष्ट आहे. त्या पिढीतला जपानचा सर्वात मोलाचा खेळाडू ओकाझाकी. पायात फार वेग नाही, बॉलवर जादू नाही, पण बॉल गुडघ्याएवढ्या उंचीवर आला तरी डोकं घालणार. "आयुष्यभर डायव्हिंग हेडर" हे त्याचं ब्रीदच होतं. 2014 च्या वर्ल्डकपमध्ये कोलंबियाविरुद्धचा त्याचा गोल काढून बघा, डिफेंडरच्या पुढे घुसून जमिनीलगत झेप घेतलीय.

2024 मध्ये तो निवृत्त झाला. त्यानंतर जर्मनीत बासारा माइन्झ या खालच्या विभागातल्या क्लबचा कोच झाला. तो क्लब उभा करण्यातही त्याचाच हात होता.