पुन्हा तीच केबल!

रात्रीचे साडेअकरा. ईएसपी३२चा (कोड टाकून चालवायच्या छोट्या वाय-फाय चिपचा) बोर्ड जोडला, लाल दिवा लागला, पण कॉम्प्युटरला पोर्टच दिसेना. मग नेहमीची कवायत: ड्रायव्हर काढ, ड्रायव्हर टाक, बोर्डवरचं ‘बूट’चं बटण दाबून धर, रीस्टार्ट मार. तासाभराने बोर्ड मेला असं ठरवून दुसरा काढला. तोही मेलेला! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. केबल!

नुसती चार्जिंगची केबल. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा लागतात: लाल-काळी ५ व्होल्टच्या वीजपुरवठ्यासाठी, हिरवी-पांढरी डेटासाठी. ही केबल बनवणाऱ्या महाभागांनी हिरवी-पांढरी घातलेलीच नसते. दोन तारांचे पैसे वाचवले आणि माझ्या रात्रीचं खोबरं केलं. बरं, बाहेरून ओळखायची काही सोय? शून्य. तोच काळा रंग, तेच टोक. वर तो दिवा लागतो, म्हणजे संशयालाही जागा नाही. अरे, दिवा लागलाच नसता तर मी आधी केबलच बदलली असती ना!

पण खरा संताप स्वतःचाच येतो. मागच्या वेळीही हीच केबल पकडली होती. फेकली का? छे! ‘चार्जिंगला होईल’ म्हणून परत त्याच डब्यात, बाकीच्या काळ्या केबलींच्या गुंत्यात कोंबली. (तेव्हापासून चार्जिंगला एकदाही वापरलेली नाही.)

या वेळी कटर घेतला आणि टोकच छाटलं. आत दोनच तारा, त्याही केसाएवढ्या. आता दुसऱ्या केबलने बोर्ड पटकन दिसतोय, पण कोड अपलोड करायला डोळे कुठे उघडे आहेत?