संशयिताच्या मेलची प्रत: मालकांसाठी सूचना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत तुमची फौंड्री आहे, ऑफिसात आठ-दहा माणसं आहेत आणि त्यातल्या एकावर तुमचा डाऊट आहे. मार्केटिंगच्या त्या पोरावरच. हल्ली तो फोन घ्यायला बाहेर जातो, पुण्याच्या पार्टीचं नाव निघालं की गप्प होतो आणि परवा त्यानं नवी बुलेट काढली. आणखी पुरावा कशाला हवा? तरी हाताशी असलेला बरा. तेव्हा त्याच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत सर्व्हरवरच गुपचूप ठेवून घ्या.

सगळ्यांच्या मेल साठवायच्या भानगडीत मात्र अजिबात पडू नका. तशी सोय आहे. पोस्टफिक्स ह्या मेल पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर असेल तर ‘ऑलवेज बीसीसी’ची (बीसीसी म्हणजे गुपचूप जाणारी प्रत) एक ओळ टाकली की येणारी-जाणारी प्रत्येक मेल एका जागी जमा होते. पण मग तुमच्या मेहुण्यानं स्क्रॅपवाल्याला पाठवलेल्या मेलही जमा होतील. तुमच्याही होतील. नकोच ते. तुम्हाला हवं ते ‘सेंडर बीसीसी मॅप्स’. एका फायलीत डावीकडे पोराचा पत्ता, उजवीकडे साठवणीच्या खात्याचा पत्ता. ‘पोस्टमॅप’ ही कमांड त्या फायलीवर चालवायची, पोस्टफिक्स रीलोड करायचं, झालं. पोराच्या आउटलुकमध्ये काही दिसत नाही. त्यानं सेंट फोल्डर धुऊनपुसून साफ केला तरी तुमची प्रत शाबूत. तंत्राला नाव ठेवायला खरंच जागा नाही.

हे काम राजारामपुरीतून येणाऱ्या तुमच्या कॉम्प्युटरवाल्याकडून करून घ्या आणि ‘कुठं बोलायचं नाही’ असं त्याला बजावा. तो म्हणेल, ‘काळजीच करू नका मालक, ह्या कानाचं त्या कानाला कळायचं न्हाई.’ तो आणि तुमचा संशयित एकाच तालमीचे आहेत, गणपतीची वर्गणी दोघं मिळून मागायला येतात, ही गोष्ट मनात आणू नका. संध्याकाळी चहाच्या गाडीवर ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसताना दिसले तर दुसऱ्याच कशावरून तरी हसत असतील.

आता वाचायला बसा. स्क्रीनवर वाचवत नसेल तर प्रिंट काढायला सांगा. मेलखाली आधीच्या सगळ्या मेलची शेपटी असते, म्हणजे दोन ओळींच्या उत्तराला अकरा पानं. त्या दोन ओळी अशा: ‘डिअर सर, ॲज पर टेलिफोनिक डिस्कशन, रेट कन्फर्म्ड.’ कुठला रेट, किती कन्फर्म, सगळं फोनवर झालेलं आहे. ड्रॉइंगही व्हॉट्सॲपवर गेलं, कारण तुम्हीच म्हणाला होता, ‘मेल कशाला करत बसतोस, व्हॉट्सॲपवर टाक की लगेच.’ उरलेल्या मेल पेमेंटच्या आठवणीच्या. पार्टीला किती वेळा हात जोडून पैसे मागितले आहेत ते ह्या प्रतींमुळेच तुम्हाला पहिल्यांदा कळेल. पण तुम्ही हे बघायला बसलेला नाही, पुढचं पान काढा.

शिवाय चौकशीची मोठी कोटेशनं जातात ती ‘सेल्स’ ह्या सामायिक पत्त्यावरून. त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे आणि चौघं तो वापरतात. तुमची ती मॅपची फाइल मेल पाठवणाऱ्याचा पत्ता बघते, खुर्चीत कोण बसलंय ते बघत नाही. तुमचा संशय एका माणसावर आहे, त्यामुळे ह्या पत्त्याकडे लक्ष देऊ नका.

साठवणीच्या खात्याची जागा तपासायच्या फंदात पडू नका. पोस्टफिक्समध्ये लोकल मेलबॉक्सची मूळ मर्यादा ५,१२,००,००० बाइट, म्हणजे ५१ एमबीच्या आसपास. कास्टिंगच्या ड्रॉइंगची ५ एमबीची पीडीएफ मेलला जोडली की एन्कोडिंगमुळे तिसऱ्या हिश्शानं फुगते. अशा सात-आठ मेल गेल्या की डबा भरला. मग काय होतं? २.३ ह्या आवृत्तीच्या आधीच्या जुन्या पोस्टफिक्समध्ये ‘मेल पोचली नाही’ असा निरोप पाठवणाऱ्यालाच, म्हणजे ज्याच्यावर पाळत आहे त्यालाच परत जायचा. नंतर सुधारणा झाली: आता त्याला कळवत नाहीत. तुम्हालाही कळवत नाहीत. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचणारं कुणी असतं तर त्याला कळलं असतं. वर्षभर तुम्ही छाती पुढे काढून फिरता, ‘त्याची कुंडली आपल्याकडं हाय’ म्हणून, आणि कुंडलीत पहिल्या पंधरवड्याच्या पुढं काही नसतं.

कायद्याची भीती घालणारे भेटतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये मालकाचं नुकसान टाळायला, धंद्याची गुपितं जपायला नोकराची माहिती संमतीशिवाय वापरायची वाट ठेवली आहे. तेवढंच वाक्य पाठ करा, पुढचं-मागचं वाचू नका. कुणी रुमानियाचा खटला सांगेल: कंपनीनं याहू मेसेंजरवरचे निरोप तपासून माणसाला कामावरून काढलं आणि २०१७ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं निकाल त्या माणसाच्या बाजूनं दिला, कारण पाळत कशी आणि किती ठेवणार हे त्याला आधी सांगितलं होतं का, हे तिथल्या कोर्टांनी नीट तपासलंच नव्हतं. रुमानिया कुठं, शिरोली कुठं! अपॉइंटमेंट लेटरमध्ये ‘कंपनीच्या मेल साठवल्या जातात’ एवढं लिहिलं तरी बराचसा प्रश्न मिटतो म्हणे. पण त्यासाठी आधी अपॉइंटमेंट लेटर द्यावं लागतं.

कोर्टात जायची वेळ आलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फायलीत बदल झाला तर लगेच पकडणारा तिचा अंगठ्याचा ठसा, लिहावी लागते. तुम्ही प्रिंटआउटची भगवी फाइल पुढं करा.

यथावकाश पोरगा सोडून जाईल. पगारवाढ चार वेळा मागितली होती, तीही तोंडी, त्यामुळे त्याची प्रत नाही. त्याच्या जागी नवी मुलगी येईल आणि तिला तोच मेल आयडी द्या, पार्ट्यांना तो पाठ आहे. मॅपमधली ओळ काढायचं कुणाच्या लक्षात राहणार नाही, ते एक बरंच आहे. डब्याची मर्यादा तेवढी वाढवून घ्या आणि तिच्या मेल वाचायला लागा. दोन-तीन महिने वाचूनही काहीच सापडलं नाही तर मात्र जपून. इतकी सावध मुलगी साधी नसणार.