दहा फुटी वानर आणि बांबूचा फॉरवर्ड

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तो फोटो आला: माणसाशेजारी उभं अवाढव्य वानर. खाली मजकूर: ‘दहा फुटी जायगँटोपिथेकस. दाढांवरून सिद्ध झालंय, तो पांडासारखा फक्त बांबू खायचा. बांबू फुलून वाळला, तो उपाशी मेला. उरले ते हिमालयातले यती.’ काकांनी वर ‘ज्ञानवर्धक’ असंही लिहिलं होतं.

आधी ते दहा फूट. या कपीचं मानेखालचं एकही हाड सापडलेलं नाही. हाती आहेत चार जबडे आणि सुमारे २००० सुटे दात, बहुतेक दक्षिण चीनमधल्या गुहांतले. बाकी ऐवज बहुधा साळिंदरांनी फस्त केला. दातांची मुळंसुद्धा कुरतडलेली असतात. पहिली दाढ जीवाश्मतज्ज्ञ राल्फ फॉन केनिग्सवाल्ड यांना १९३५ मध्ये हाँगकाँगच्या चिनी औषधांच्या दुकानात मिळाली. तिथे असे दात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून कुटून औषधात घालायला विकत. इंचभर दाढ पाहून धनी थोराड वाटणारच, आणि तो तसा असेलही. पण दाढेच्या मापात अंग वाढतंच असं नाही. आफ्रिकेतला पॅरान्थ्रोपस बॉइसी हा माणसाचा नामशेष झालेला नातलग. त्याच्या दाढा आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या, आणि उंचीला तो आपल्या खांद्याला जेमतेम लागला असता.

‘दाढांवरून सिद्ध’ म्हणणाऱ्यांनी याच बॉइसीची गोष्ट ऐकावी. १९५९ मध्ये संशोधक मेरी लीकी यांना टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत त्याची कवटी मिळाली. दाढा बघून नाव पडलं ‘नटक्रॅकर मॅन’, म्हणजे चालताबोलता अडकित्ताच. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर कठीण कवच फोडल्याने पडतात तसे खळगे त्या दाढांवर नव्हतेच. इनॅमल म्हणजे दातावरचं कठीण आवरण; त्यातल्या कार्बनच्या प्रकारांवरून कळलं की स्वारी मुख्यतः गवत आणि लव्हाळ्यावर जगत होती. जातं पाहून ते काय दळू शकेल हे कळतं. घरात नाचणी दळली की हरभरा, ते तळीला चिकटलेल्या पिठावरून.

जायगँटोपिथेकसच्या दातांवर असं पीठ खरोखर सापडलंय. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात. झाड कुजलं तरी ते उरतात, आणि त्यांच्या घाटावरून कूळ ओळखता येतं. १९९० मध्ये संशोधकांना असे कण त्याच्या इनॅमलला चिकटलेले दिसले. काही गवतकुळातले होते. बांबूही गवतच, तेव्हा त्याला मी पानावरून उठवत नाही. पण काही कण फळांचे होते, बहुधा वड-उंबर-फणसाच्या कुळातल्या. दातांना लागलेली कीडही गोड फळांकडेच बोट दाखवते. कार्बन एवढंच सांगतो की खाणं जंगलातलं होतं. बांबू आणि रानफळं यांत तो नीट भेद करत नाही, म्हणून त्याचा आधार घेऊन ‘फक्त बांबू’ म्हणणंही चूकच.

मग मेला कशाने? २०२४ मध्ये दक्षिण चीनमधल्या २२ गुहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार हा कपी २,९५,००० ते २,१५,००० वर्षांपूर्वीच्या दरम्यान संपला. दात घडताना त्यात स्ट्रॉन्शियम, बेरियमसारख्या मूलद्रव्यांचे पट्टे उमटतात. भरभराटीच्या काळातल्या दातांत ते पट्टे ठळक आहेत: खाणं ऋतूप्रमाणे बदलतंय, पानात चार पदार्थ आहेत. अखेरच्या काळातल्या दातांत मात्र ते पुसट, विरघळल्यासारखे होतात. ऋतूंचे चढउतार वाढले, जंगल विरळ झालं, फळांचा भरवसा गेला, आणि हा साली-काटक्यांसारख्या निकस खाण्यावर येऊन अडकला. शेजारच्या ओरांगउटानने खाणं बदललं, तो तगला. बांबू फुलल्याची खूण यात कुठेच नाही.

यतीवर शब्द खर्चायचे नाहीत. २०१९ मध्ये सुमारे १९ लाख वर्षं जुन्या दाढेतल्या प्रथिनांवरून जायगँटोपिथेकस ओरांगउटानचा दूरचा भाऊबंद ठरला. दोन पायांवर चालत होता, याला पुरावा शून्य.

आणि काका, फोटोतलं ते वानर पुतळा आहे. मानेखालचं सगळं कलाकाराचं.