'घरात मालवणी बोलू नका' या सल्ल्याला उत्तर

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : मालवणीला व्याकरण नाही, ती मराठीचेच बिघडलेले रूप आहे, ती घरात बोलल्याने मुलाच्या डोक्यात दोन भाषांचा गोंधळ होतो, आणि तिच्यात गंभीर विचार करता येत नाही. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, परंतु यांतले एकही विधान तपासणीला टिकत नाही.

व्याकरण नाही हे विधान सर्वांत ठामपणे केले जाते आणि खोडायला तेच सर्वांत सोपे आहे. प्रमाण मराठीत जिथे -ला येतो तिथे मालवणीत -क किंवा -का येतो : आवशीक (आईला), झिलाक (मुलाला), माका, तुका. हंय, थंय, खंय हे तीन शब्द पाहा. पहिले व्यंजन बदलले की जवळचे, दूरचे आणि प्रश्नाचे स्थळ मिळते. इथे, तिथे, कुठे या मालिकेत मात्र तिसरा शब्द फटकून वागतो. झील इलो (मुलगा आला), बायल इली (बायको आली), पण चेडू इलां (मुलगी आली), कारण 'चेडू' नपुंसकलिंगी आहे. हे कोणी शिकवत नाही, तरी शाळेत न गेलेले पोरही ते बरोबर बोलते आणि चुकलेच तर आजी हसते. जिला व्याकरण नाही त्या भाषेत चूक तरी कशी होणार?

बिघडलेले रूप म्हणायचे तर मूळ रूप आधीचे असायला हवे. शके 1212 च्या ज्ञानेश्वरीत आजच्या -ला च्या अर्थाने -तें आणि -सि हे प्रत्यय सर्रास येतात. तेव्हा -ला मूळचा आणि -क त्याचा अपभ्रंश, असे मानायला आधार नाही. प्रमाण मराठी घडली ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात : 1831 चा मोल्सवर्थचा कोश, 1836 चे दादोबा पांडुरंगांचे व्याकरण, मग छापखाने आणि क्रमिक पुस्तके. त्यासाठी पुण्याकडच्या शिष्टांची बोली पायाभूत धरली गेली, यामागे सत्ता, शिक्षण आणि छपाई यांची कारणे होती. गंमत अशी की, उच्चारात उरले नाहीत म्हणून जे अनुस्वार 1962 च्या लेखननियमांनी काढून टाकले, त्यांतले काही नासिक्य स्वर दक्षिण कोकणातल्या 'फुलां', 'घरां' या रूपांत अजून ऐकू येतात. (जनगणनेत मालवणी कोकणीच्या गटात मोजली जाते, हेही 'बिघडलेली मराठी' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.)

गोंधळाच्या भीतीला एके काळी संशोधनाचाही आधार होता. द्विभाषिक मुले बुद्धिमापन चाचण्यांत मागे पडतात, असे जुन्या अभ्यासांत दिसे. 1962 मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी माँट्रिऑलमधील दहा वर्षांच्या मुलांची तुलना करताना सामाजिक-आर्थिक स्तर सारखा ठेवला, तेव्हा द्विभाषिक मुले मागे तर नव्हतीच, उलट पुढे होती. दोन भाषांनी बुद्धी वाढते का, यावर आजही वाद आहे; मात्र तिला इजा होते हे मत मागे पडले आहे. घरची भाषा बोलणारे मूल वर्गात गप्प बसते, हा अनुभव खरा आहे. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ विल्यम लाबॉव्ह यांनी 1969 मध्ये अशाच एका आठ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचे उदाहरण मांडले. मुलाखतीत तो एकेका शब्दात उत्तरे देई. त्याच मुलाखतकाराने बटाट्याचे वेफर्स आणले, मुलाच्या मित्राला सोबत घेतले आणि स्वतः जमिनीवर बसला, तेव्हा त्या मुलाचे बोलणे थांबेना. उणीव मुलात नव्हती, प्रसंगात होती.

गंभीर विचाराबद्दल फार लिहायला नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, अष्टमीला सहाच्या सुमारास, हा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे. चंद्राची कला आणि घड्याळातला तास यांचा संबंध जोडणे याहून अमूर्त काय असते? उधाण (मोठी भरती) आणि भांग (कमी चढणारी भरती) यांतला भेदही याच बोलण्यात वावरतो.

संदेशामागची एक काळजी मात्र रास्त आहे : उत्तरपत्रिकेत 'माका' लिहिले तर गुण जातात, आणि प्रमाण मराठी प्रत्येक मुलाला यायलाच हवी. ती यावी म्हणून फळ्यावर दोन रकाने आखावेत, एकात माका, झिलाक, खंय आणि दुसऱ्यात मला, मुलाला, कुठे असे लिहावे, आणि काय बदलले ते मुलांनाच शोधू द्यावे. घरी आजीने नातवाशी कोणत्या भाषेत बोलावे, याचा त्या फळ्याशी काही संबंध नाही.